नववीतल्या पोरीला लाइव्ह बँड दाखवायला न्यायचंय, जिनिंगच्या शेडमधी प्रोग्राम आहे, कोणाला अनुभव आहे का?

घाटंजीकर_बाप:
राम राम मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावी एक बंद पडलेलं कापसाचं जिनिंग आहे, त्याच्या टिनाच्या शेडमधी येत्या शनिवारी संध्याकाळी बँडचा प्रोग्राम ठेवलाय. बँड म्हणजे वरातीतला नाही बरं का, ड्रम, दोन गिटार, एक बेस (खालच्या आवाजाची गिटार) अन् गाणारा पोट्टा, असा. यवतमाळ-नागपूरकडची इंजिनिअरिंगची पोरं आहेत, स्वतःची गाणी करतात, दोन-तीन मराठीत पण आहेत म्हणे. पोस्टरवर लिहिलंय की लहानमोठे सगळे या, दारू पिऊन येणाऱ्याला आत घेणार नाही.

माझी पोरगी नववीत आहे, मोबाईलवर दिवसभर हेच ऐकते, कानातून ते बोंडूक काढत नाही, तिनं पोस्टर पाहिल्यापासून जेवण सोडल्यासारखं केलंय. मला काही हरकत नाही पण मी स्वतः आजवर पाहिला तो लग्नातला ऑर्केस्ट्रा अन् गणपतीतला डीजे, त्यामुळं असा बँड समोरासमोर कसा वाटतो, किती वेळ चालतो, बसायचं असते की उभं राहायचं असते, काहीच माहीत नाही. कान खराब होतात का? गर्दीत पोरीबाळींना त्रास होतो का? अन् वरून माझी माय म्हणते मी पण येतो, घरी एकटी बसून काय करू. तिचं वय पंचाहत्तरच्या वर आहे. नेऊ का नको?

ठेचा_भाकर:
डीजेपुढं नाचलेल्या माणसाला कानाची काळजी आता आठवली का भाऊ 😀 घेऊन जा बिनधास्त.

साउंडवाला_हिंगणघाट:
भाऊ मी साउंडच्या धंद्यात आहो, लग्न, कीर्तन सप्ताह, जयंती, शाळेचं गॅदरिंग सगळं करतो, अन् अशा पोट्ट्यांचे बँड पण दोन-चार वेळा केले, म्हणून सांगून रायलो. टिनाचं शेड म्हणजे आमच्यासाठी डोकेदुखी. आवाज वर जाते, पत्र्याला आदळते, परत खाली येते, सगळा खिचडा होते. मोकळ्या वावरात स्पीकरच्या बॉक्सपासून दुप्पट लांब गेलं की आवाज ६ डेसिबलनं पडते, शेडमधी तसं होत नाही कारण भिंत अन् पत्रा तोच आवाज परत फेकून रायला असते. म्हणून 'आपण मागं उभं राहू' एवढ्यानं भागत नाही.

आता कानाचं. ८५ डेसिबल माणूस ८ तास सहन करू शकते असं धरतात, अन् दर ३ डेसिबल वाढले की वेळ अर्धी होते. म्हणजे १०० डेसिबलला हिशोब येते फक्त १५ मिनिटांचा. लहान जागेत ड्रम अन् दोन गिटार जोरात वाजले की १०० पार करणं काहीच नाही, त्यात ड्रमला तं माईकही लागत नाही. म्हणून मेडिकलमधून फोमचे इअरप्लग आणा, स्वस्त असतात, तिघांना घ्या. घालाची पण रीत आहे, बोटात वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान वरून थोडा ओढायचा, आत सरकवायचा अन् फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. नुसता टेकवला तं काही उपयोग नाही. अन् कापसाचा बोळा घालू नका, आपल्याकडं पिकते म्हणून सगळ्या कामाचा नाही तो.

उभं कुठं राहायचं तं जिथं मिक्सरवाला (आवाजाचं मशीन चालवणारा) बसला असेल त्याच्या आजूबाजूला. तो जे ऐकते त्यावरच आवाज लावते, म्हणून तिथं सगळ्यात बरा ऐकू येते. बॉक्सच्या तोंडासमोर पोरीला उभं राहू देऊ नका, कितीही हट्ट केला तरी. आजीला खुर्ची बाजूच्या दाराजवळ टाका, हवा पण लागंल.

अन् आयोजक पोट्टे ओळखीचे असतील तं दोन गोष्टी त्यांच्या कानावर घाला. एक, लायटिंग अन् साउंड एकाच फेजवर घेऊ नका, नाही तं डिमर (लाइट कमी-जास्त करायचं बटण) फिरवला की बॉक्समधून भुणभुण सुरू होते, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकून ठेवा, कोरडा खड्डा बिनकामाचा. दुसरं, गिटारचे ॲम्प (आवाज वाढवायचे डबे) कमी ठेवा अन् गाण्याचा माईक वर ठेवा. पोट्टे हे ऐकतच नाहीत. प्रत्येकाला आपलीच गिटार जास्त पाहिजे, मग तो वाढवते, मग हा वाढवते, अन् शेवटी गाणाऱ्याचा एक शब्द कळत नाही.

झाडीतला:
मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा साइडचा, झाडीपट्टीतला आहो जी. हे वाचून थोडं हासूच आलं. लाइव्ह म्यूजिक, लहानमोठे सगळे एकत्र, हे आमच्याकडं काही नवीन आहे का? धान निघाला, दिवाळी झाली की नाटकं सुरू होतात ती उन्हाळा लागेपर्यंत. कोणत्या गावी मंडई (जत्रा), कोणत्या गावी शंकरपट (बैलांची शर्यत), अन् रात्री नाटक. दहाच्या आसपास पडदा वर जाते अन् उजाडेपर्यंत चालते. वडशात नाटक मंडळांची आपली दुकानदारीच आहे, बुकिंग तिथूनच होते. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ते याच झाडीपट्टीच्या रंगभूमीवरचे.

अन् तिथं स्टेजच्या पुढं संगीत पार्टी बसते ना, ऑर्गन, तबला, आता ऑक्टोपॅड अन् कीबोर्ड पण आले, ती पूर्ण लाइव्ह. नटानं तान घेतली की ऑर्गनवाला त्याच्या मागं मागं जाते, नट चुकला की सांभाळून घेते. मी लहानपणी नाटक पाहाले जायचो पण अर्धा वेळ त्या तबलजीच्या हाताकडंच पाहत बसायचो, एवढा जवळ की त्याचा घाम उडायचा. कडेवरच्या लेकरापासून काठीवाल्या बुढ्यापर्यंत सगळे तिथंच, लेकरं बिछायतीवरच झोपतात, बाया डबे घेऊन येतात, पाव्हणे येतात अन् रात्रीतून सोयरिक पण जमून जाते. मग चार पोट्टे गिटार घेऊन आले तं येवढं काय पोस्टर लावून सांगायचं की सगळ्यांनी या?

बाकी तुमच्या मायला न्या जी. ती तुमच्यापेक्षा जास्त जागरणं करून बसली असंल.

पुण्यातली_वऱ्हाडीण:
झाडीतला दादा, तुमचं सगळं खरं आहे पण पोस्टरवर तसं का लिहावं लागते ते सांगते. मी मूळची दारव्ह्याची, आता पुण्यात नोकरी. इथं बँड वाजतात ते जास्त करून पबमध्ये किंवा बारला लागून असलेल्या जागेत, कारण मालकाचा पैसा तिकिटातून नाही तर पिण्यातून निघतो. अन् आपल्या राज्यात बिअरसाठी वय २१ अन् कडक दारूसाठी २५, त्यामुळं दारावर आधार कार्ड पाहतात अन् २१ च्या खालच्या पोराला सरळ परत पाठवतात. म्हणजे ज्या वयात माणूस ह्या म्यूजिकसाठी सगळ्यात येडा असतो नेमक्या त्याच वयात त्याला दार बंद. मी कॉलेजला पुण्यात आले तेव्हा माझा आवडता बँड मी राहायचे तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर वाजत होता अन् मी होस्टेलच्या गच्चीवर बसून व्हिडिओ पाहत होते. २१ पूर्ण झाल्यावर गेले तेव्हा अर्धे लोक टेबलावर बसून गप्पा मारत होते, बँडकडं कोणाचं लक्षच नाही, मला एवढा राग आला ना.

म्हणून तुमच्या गावच्या जिनिंगमध्ये नववीतली पोरगी समोर उभी राहून बँड पाहू शकते ही मला तरी फार मोठी गोष्ट वाटते, पुण्यातल्या पोरांना सहज मिळत नाही हे.

आता पोरीबाळींचं, कारण ते कोणी बोलत नाही. जोरात गाणं लागलं की पुढची पोरं एकमेकांना धक्के देत उड्या मारतात, ते भांडण नसते, तो त्यांचा खेळ असतो, पण मधात अडकलं तर कोपर लागते. तिला सांगा पुढं जायचं असेल तर स्टेजच्या एका कोपऱ्यात उभी राहा, मधात नको. तिथून ड्रमवाला पण चांगला दिसतो. बूट घालून न्या, चप्पल नको, पाय तुडवल्या जातात. जमलं तर तिच्या दोन मैत्रिणींना पण सोबत घ्या, एकटी पोरगी अन् मागं बाप उभा असं असलं की ती काही मोकळी होणार नाही. तुम्ही मागंच राहा, पण दिसेल असे राहा.

अन् सगळ्यात महत्त्वाचं, आयोजकांना विचारा बायकांसाठी बाथरूम कुठं आहे. 'शेडच्या मागं' असं उत्तर आलं तर आधीच शेजारच्या कोणाच्या घरी बोलून ठेवा. आजी सोबत आहे म्हणून तर नक्कीच.

ठेचा_भाकर:
बाथरूमचा मुद्दा एक नंबर. अख्ख्या विदर्भात प्रोग्राम ठेवणाऱ्या एकाही पोट्ट्याच्या डोक्यात हे येत नाही.

संत्रा_बर्फी:
मी काही वर्षं अमेरिकेत कॅलिफोर्नियात कामाला होतो, आता नागपुरात परत आलोय. वऱ्हाडीण ताईंनी दारूचं लिहिलं त्यावरून आठवलं. तिकडंही हाच घोळ, दारूचं वय २१, म्हणून पोरांना क्लबमध्ये घेत नसत. मग १९८० च्या आसपास वॉशिंग्टनच्या पोरांनी तोड काढली की ज्याचं वय कमी त्याच्या हाताच्या पाठीवर काळ्या मार्करनं फुली मारायची, म्हणजे बारवाल्याला दुरूनच कळते की ह्याला द्यायची नाही, अन् पोरगा बँड पाहू शकतो. पुढं न पिणारी मोठी पोरं पण मुद्दाम फुली मारून यायला लागली.

बर्कले गावात ९२४ गिलमन स्ट्रीट नावाची जागा आहे, जागेचं नावच तिचा पत्ता. ३१ डिसेंबर १९८६ ला सुरू झाली. दारू नाही, मारामारी नाही, कोणत्याही वयाचा माणूस चालतो, अन् सगळं काम फुकट राबणारी पोरं करतात, दारावर बसणं, साउंड, झाडू मारणं, सगळं. मी पाहिली तेव्हा बाहेरून ते एखादं गोडाऊनच वाटलं, आत भिंतींवर इंचभर जागा सोडलेली नाही इतकं लिहून ठेवलंय. ग्रीन डे नावाचा बँड आता जगभर स्टेडियम भरतो, तो तिथंच वाजवून वाजवून मोठा झाला. पण तिथला नियम असा की मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला की तुम्हाला इथं वाजवता येणार नाही, मग हे पण बाहेर. ते परत तिथं वाजवायला आले थेट २०१५ मध्ये. मला तो नियम थोडा बह्याडपणाचा वाटतो, आपलाच पोरगा मोठा झाला म्हणून त्याला घरात घ्यायचं नाही हे काय. पण जागा टिकली ती अशाच हट्टी लोकांमुळं हे पण खरं.

झाडीतला दादांना एकच सांगतो, तुमच्या नाटकाला अख्खं गाव पाठीशी असते, पैसा गाव जमवते. ह्या चार पोट्ट्यांच्या मागं कोणी नाही.

झाडीतला:
हे पटलं जी. गाव पाठीशी नसलं तं नाटकही होत नाही, मंडळाचे पोट्टे महिना महिना तिकिटं घेऊन फिरतात तेव्हा कुठं खर्च निघते. पण मग ह्या पोट्ट्यांनी पण गावातल्याले धरावं ना. आमच्याकडं कितीतरी ढोलकीवाले, खंजेरीवाले रिकामे बसून आहेत, घ्या त्याइले सोबत.

कायदा_पंडित_वणी:
एक मुद्दा राहिला. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांतला नियम. सभागृह, कम्युनिटी हॉल अशा बंद जागेला त्यातून सूट आहे, पण जिनिंगचं टिनाचं शेड म्हणजे बंद जागा असं पोलीस मानतील असं वाटत नाही. शिवाय दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्यापासून १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र लागू शकतं. पोट्ट्यांना म्हणा ठाण्यातून परवानगीचा कागद आणून खिशात ठेवा अन् साडेनऊला गुंडाळा. उशिरा सुरू करतात अन् मग ऐन रंगात आला की गाडी येते.

साउंडवाला_हिंगणघाट:
हाव, हे बरोबर. अन् गाडी आली की पहिले साउंडवाल्याचं मशीन उचलतात, गाणाऱ्याले कोणी काही म्हणत नाही.

घाटंजीकर_बाप:
मंडळी, जाऊन आलो. बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं म्हणून इथंच लिहितो, थोडं लांबेल.

पोस्टरवर सहा होते, सुरू झाला साडेसातला. तोवर नुसतं 'चेक चेक, माईक चेक'. पण तो वेळ वाया गेला असं नाही म्हणणार, कारण पोरगी अन् तिच्या मैत्रिणी (हो, दोघींना घेतलं सोबत) तिथंच उभ्या राहून सगळं पाहत होत्या, कोणती वायर कुठं जाते, ड्रमवाला एकेक चामडं ठोकून कसं जुळवतो. कोणी हाकललं नाही. एका पोट्ट्यानं तर तिच्याच हाती टॉर्च दिला अन् म्हणे इथं धर. पोट्ट्यांनी शेडच्या मागच्या भिंतीला गोणपाट अन् जुन्या गाद्या टांगल्या होत्या, पहिले मला वाटलं गोडाऊन साफ केलं नाही, मग कळलं आवाज घुमू नये म्हणून.

लोक होते असतील सव्वाशे-दीडशे. शाळेतली पोरं, काही मास्तर, एसटी स्टँडजवळचा चहावाला दुकान बंद करून आला होता, बाया कमी होत्या पण होत्या. दारावर दोन पोट्टे उभे, एकजण झुलत झुलत आला त्याला गोड बोलून परत लावलं, गावात सगळे ओळखीचे त्यामुळं हे सोपं नव्हतं, तो कोणाचा तरी काका निघाला.

पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा मी प्लग घातले नव्हते, म्हटलं पाहू तरी. तो ड्रमचा पायाचा ठोका आहे ना तो कानाला नाही, सरळ छातीत लागला. डीजेचा धक्का पण लागतो पण तो कोणत्या तरी पेटीतून येते, इथं समोर तो पोट्टा पाय मारतो अन् त्याच क्षणी आपल्याला लागते, दिसते पण अन् लागते पण. हे मी कधी अनुभवलं नव्हतं. दुसऱ्या गाण्याला मात्र प्लग घातले, अन् गंमत म्हणजे आवाज कमी झाल्यावर गाणं जास्त कळायला लागलं. साउंडवाले भाऊ, तुम्ही म्हणाले ते गिटारचं अगदी तसंच झालं, मी आयोजकाला सांगितलं होतं तरी दोन्ही पोट्टे वाढवत गेले, मराठी गाणं होतं अन् मला त्यातले 'पाऊस' अन् 'कर्ज' एवढे दोनच शब्द कळले. नंतर पोरीनं सांगितलं की ते कापसाच्या भावावरचं गाणं होतं. मग माईकवर बोलून तरी सांगा ना आधी!

तिसऱ्या-चौथ्या गाण्यात लाइट गेली. जनरेटर सुरू व्हायला वेळ लागला, अन् त्या अंधारात ड्रमवाला थांबलाच नाही, तो एकटाच वाजवत राहिला, लोकांनी मोबाईलचे टॉर्च लावले, अन् आमच्या इथल्या बँजो पार्टीतला एक पोट्टा मागं उभा होता, त्यानं एक रिकामा ड्रम, म्हणजे तेलाचा खरा ड्रम, पालथा घातला अन् मिरवणुकीतल्या संदलचा ठेका धरला. झाडीतला दादा, तुम्ही असते तर खूश झाले असते. लाइट आल्यावर बँडवाल्यांनी त्याला जाऊ दिलं नाही, स्टेजवर घेतलं अन् पुढची दोन गाणी तो सोबत वाजवत होता, प्रॅक्टिस ना काही. एका जागी सगळे चुकले, थांबले, एकमेकांकडं पाहून हासले अन् परत धरलं. मोबाईलवर ऐकताना हे कुठं दिसते.

पुढच्या पोरांनी धक्काबुक्की केली थोडी, पोरी कोपऱ्यात होत्या म्हणून त्यांना काही झालं नाही. बाथरूमचं उत्तर 'शेडच्या मागं' असंच आलं होतं, मग वऱ्हाडीण ताईंचं ऐकून समोरच्या घरी आधीच बोलून ठेवलं, त्या घरच्या बाईच शेवटी प्रोग्राम पाहायला आल्या.

अन् माय. तिला दाराजवळ खुर्ची दिली, प्लग काही घालू दिले नाही, म्हणे कानात बोळे घालाले मी काय मेली आहो. म्हणून मग तिला अधूनमधून बाहेर चक्कर मारायला नेत होतो. तिला गाणी कशी वाटली विचारलं तर म्हणे गाणं काही समजलं नाही पण पोट्टे मेहनती आहेत. अन् मधातच जोरात म्हणाली, त्या गाणाऱ्या पोट्ट्याले कोणी पाणी तं द्या, नरडं फाटून रायलं त्याचं. आजूबाजूचे सगळे हासले अन् खरंच कोणीतरी बाटली दिली.

पावणेदहाला संपवलं, गाडी-बिडी आली नाही. संपल्यावर पोट्टे स्टेजवरून उतरून वायरी गुंडाळत होते अन् लोकांशी बोलत होते. पोरगी तो बेसवाला होता त्याच्याकडं गेली, म्हणे ह्याला चारच तार का. त्यानं गळ्यातून काढून तिच्या गळ्यात दिली, तिला पेलवत नव्हती, त्यानं खालून धरली अन् तिला जाड तार वाजवायला लावली.

आता घरी नवीन सुरू झालंय. गिटार नको, ड्रम नको, बेसच पाहिजे. म्हणून विचारतो, यवतमाळ, वर्धा, नागपूर साइडला कोणाकडं जुनी बेस गिटार पडून आहे का? अन् त्याला ॲम्प वेगळा घ्यावाच लागते का, की घरातल्या होम थिएटरला लावून चालते?

साउंडवाला_हिंगणघाट:
होम थिएटरला लावू नका भाऊ, गाण्यासाठी बनलेले छोटे स्पीकर असतात ते, बेसचा ठोका जोरात बसला की पडदा फाटते. सुरुवातीला हेडफोनचा छोटा ॲम्प मिळते तो घ्या, सरळ गिटारीत खोसायचा, घरात कोणाला त्रास नाही. जुनी घेताना मान वाकडी आहे का ते डोळ्यासमोर आडवी धरून पाहा, अन् आवाजाचं बटण फिरवताना खरखर येते का ते पाहा, खरखर दुरुस्त होते, मान वाकडी असली तं परवडत नाही. लहान हात असतील तं छोट्या मापाची बेस पण येते, दुकानात शॉर्ट स्केल म्हणून विचारा.

पुण्यातली_वऱ्हाडीण:
माझ्या रूममेटकडं एक आहे, ती विकायचं म्हणत होती. विचारून मेसेज करते. मान मी स्वतः पाहून घेईन 😀